कॉम्प्युटर बसला? धीर सोडू नका!

मैत्रिणींनो, आपल्या मनोरीचा खारा वारा कशाकशाला सोडत नाही. खिडकीचे गज, शिलाई मशीन, मिक्सरचे स्क्रू, सगळ्याला गंज! तिथे कॉम्प्युटरची काय कथा? त्यात पावसाळ्यात विजेचा लपंडाव. एके दिवशी बटण दाबावं, तर पडदा काळा तो काळाच.

यंत्र काय, दुसरं आणता येईल. पण आतल्या बारशाच्या फोटोंचं काय? शेजारच्या मावशींच्या कॉम्प्युटरमध्ये त्यांच्या दिवंगत आईच्या आवाजातली, लग्नात ‘उंबराचं पाणी’ आणताना म्हणायची गाणी होती. आता ती घरात कुणालाच येत नाहीत.

पहिली गोष्ट ही, की कॉम्प्युटर बंद पडणं वेगळं आणि हार्ड डिस्क जाणं वेगळं. पुष्कळदा वीज पुरवणारा भागच जळालेला असतो. मावशींचं तसंच झालं होतं. त्यांच्या मुलाने फेरीबोटीने मार्वे गाठलं, मालाडहून डिस्क बसवायचं केसिंग आणलं आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. गाणी जशीच्या तशी मिळाली!

पण खुद्द डिस्कच बिघडली असेल तर? जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये गुळगुळीत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. वाचणारी सुई त्यांना न टेकता, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावरून तरंगते. धुळीचा एक कणही तिला पुरे. म्हणून एवढं सांभाळा:

१. ‘टिक-टिक’ किंवा खरखर ऐकू आली की ताबडतोब बंद करा. पुन्हापुन्हा चालू करून पाहाल, तर उरलंसुरलंही खरवडून निघेल.

२. डिस्क घरी उघडू नका. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला, तर हसून सोडून द्या.

३. पाण्यात भिजली असेल, तर वीज लावू नका, उन्हातही वाळवू नका. ओलसर फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तज्ज्ञाकडे न्या.

४. डिस्क जोडल्यावर ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणा.

५. डिस्क धडधाकट आहे, पण फाइल चुकून पुसली गेली, तर त्या डिस्कवर नवं काही साठवू नका. ‘फोटोरेक’सारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत, मात्र सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर उतरवा.

नव्या लॅपटॉपमध्ये फिरत्या चकत्यांऐवजी चिपा असतात. त्यांतून पुसलेलं बहुधा परत येत नाही. शिवाय काहींत माहिती कुलूपबंद असते. विंडोजच्या ‘बिटलॉकर’ची ४८ आकडी किल्ली वहीत उतरवून ठेवा, नाहीतर डिस्क शाबूत असूनही दार बंदच!

तज्ज्ञाकडे जाताना खर्चाचा अंदाज आधी लिहून घ्या आणि ‘माहिती निघाली नाही तर पैसे किती?’ हे स्पष्ट विचारा. भिडेखातर गप्प बसू नका.

आशा किती ठेवावी? १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला ज्यात होत्या, ते कोलंबिया यान कोसळलं. अवशेषांत एक जळकी हार्ड डिस्क सापडली. तज्ज्ञांनी तिच्यातली सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली आणि त्यावरून केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्धही झाला.

तरी लोणच्याची एकच बरणी भरून आपण निर्धास्त राहतो का? फोटोंच्याही तीन प्रती ठेवा. एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात किंवा बहिणीकडे. वेगळी डिस्क हवाबंद डब्यात ठेवा आणि अधूनमधून जोडून पाहा. दिवाळी असो की नाताळ, घराची साफसफाई काढण्याआधी हे काम उरका. जाळी-जळमटं दोन दिवस थांबतील, आईचा आवाज थांबेलच असं नाही.