पळणाऱ्यांच्या बाजूने

“दोन वर्षं ग्राऊंड बंद. एकदा ‘नीट’ची परीक्षा निघाली की आयुष्यभर पळ.” लातूरच्या ट्यूशन एरियात काय किंवा नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगरात काय, अकरावीला आलेल्या खेळाडू लेकराला हे ऐकावंच लागतं. मी नववीपासून 3000 मीटर पळतेय. दहावीपर्यंत नांदेड जिल्ह्यातल्या शाळेकडून पळाले, मग लातुरात ज्युनिअर कॉलेजकडून. यंदा बारावी झाली, त्यामुळे शालेय स्पर्धांत आता पुन्हा उतरता येणार नाही. जाण्याआधी या सल्ल्याला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

सल्ला देणारी माणसं वाईट नाहीत. कोरडवाहू शेतातल्या सोयाबीनच्या पट्टीतून बापाने क्लासची फी भरलेली असते. रिपीट करायचं म्हणजे खोलीभाडं, मेसचा डबा, टेस्ट सिरीज सगळं पुन्हा आलं. अशा घरातून ‘पळणं सोड’ हे येतं ते काळजीपोटीच. लातूर पॅटर्नने आमच्या भागाला काय दिलं, तेही मला ठाऊक आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी जादा तास घेतले, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा घेतल्या आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत इथली नावं झळकवली. त्या मेहनतीचं फळ मलाही मिळालं आहे. माझं भांडण त्या पॅटर्नच्या नावावर मैदानाला कुलूप लावणाऱ्यांशी आहे.

त्यांचा पहिला आक्षेप वेळेचा. सकाळचा एक तास गेला म्हणजे इतके एमसीक्यू बुडाले, असा हिशेब ते मांडतात. मुलं चौदा-चौदा तास सारख्याच ताकदीने वाचतात, असं या हिशेबात धरलेलं असतं. रात्री अकरानंतर एखाद्या अभ्यासिकेत जाऊन बघा. किती तरी मुलं एकच पान उघडून बसलेली असतात. शेजारचा उठला नाही म्हणून तीही उठत नाहीत. हे बसणं कमी झालं तर अभ्यासाचं काही बिघडत नाही. परीक्षेच्या तोंडावर पळणं कमी करावं, मीही केलं. पण दोन वर्षं पूर्ण बंद ठेवून ‘नंतर पळ’ म्हणणाऱ्यांना लांब पल्ल्याचं पळणं ठाऊक नसतं. हा दम महिनोन्महिने हळूहळू चढतो. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. सराव थांबला की हे सगळं ओसरायला फार दिवस लागत नाहीत. त्यातून मुलगी असेल तर ‘नंतर’ बहुधा येतच नाही. दहावीपर्यंत माझ्यासोबत पळणाऱ्या मुलींपैकी फार थोड्या बारावीपर्यंत मैदानावर दिसल्या.

दुसऱ्या आक्षेपात अविनाश साबळेंचं नाव येतं. “साबळे कुठे शाळेत स्पर्धा गाजवत होता? अंगात असेल तर निघतंच बाहेर!” बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्यांचं गाव. लहानपणी शाळेसाठी ते रोज सहा किलोमीटर पळत नाहीतर चालत जायचे. बारावीनंतर लष्करात गेले, सियाचीनला राहिले आणि स्पर्धेच्या पळण्याकडे वळले ते 2015 मध्ये, लष्कराच्या क्रॉस कंट्रीतून. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटं 11.20 सेकंद वेळ देऊन त्यांनी रौप्य जिंकलं, सुवर्ण 0.05 सेकंदाने हुकलं. 1994 नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या धावपटूने राष्ट्रकुल पदक मिळवण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णही आणलं. या कहाणीवरून शाळेत पळण्याची गरज नाही, असं म्हणणारे तिचा अर्धाच भाग वाचतात. विशी ओलांडेपर्यंत एवढी ताकद आपल्याच भागात कुणाला दिसली नाही, ही अभिमानाने सांगायची गोष्ट आहे का? साबळे लष्करात गेले म्हणून सापडले. त्याच रस्त्याने शाळेत जाणारी जी मुलं ऊसतोडीला गेली, त्यांच्या पायांत काय होतं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि दहाव्या आल्या. त्यांचा तालुकाही आमच्यासारखाच दुष्काळी. दुष्काळी भागात दम कमी नाही. तो मोजायला हातात स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा माणूस कमी आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो: पळणं म्हणजे पोलीस भरती, अभ्यासात मागे पडलेल्या पोरांचं काम. भरतीची तयारी करणाऱ्यांची अशी हेटाळणी मला सहन होत नाही. पहाटे रस्त्याच्या कडेने 1600 मीटरची ट्रायल देणारी पोरं आणि 800 मीटरसाठी झटणाऱ्या पोरी आमच्या गावांतली सगळ्यात कष्टाळू लेकरं आहेत. 50 गुणांच्या मैदानी चाचणीत 20 गुण या एका पळण्याला असतात. त्यांचं नुकसान वेगळ्याच जागी होतं. शाळेत सावकाश, लांब पळायला कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून रोज पूर्ण जोराने ट्रायल मारतात, डांबरी रस्त्यावर नडग्या दुखावून घेतात आणि ऐन चाचणीला लंगडत जातात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी पाया घातला असता तर हे टळलं असतं.

आता आमच्याच बाजूच्या मंडळींबद्दल. ती म्हणतात, पळू द्या. बोर्डाचे ग्रेस गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. दोन्ही सवलती योग्यच आहेत, त्या राहायलाच हव्यात. पण हे कारण पुढे केलं की आपण आधीच हरतो. मग जिल्ह्याच्या पुढे न गेलेल्या मुलीची चार वर्षं वाया गेली, असंच म्हणावं लागेल. मी विभागाच्या पुढे गेले नाही आणि माझी वर्षं वाया गेली नाहीत.

काय मिळालं ते शर्यतीतूनच सांगते. 3000 मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या. सुरुवात नेहमीच्या रेषेवरून न होता समोरच्या बाजूने, 200 मीटरच्या खुणेवरून होते. फक्कीने आखलेलं मातीचं ग्राऊंड, काळ्या मातीतल्या भेगा, आणि शिट्टी होताच सगळ्या मुली वेड्यासारख्या सुटतात. 12 मिनिटांत संपवायचं असेल तर प्रत्येक फेरी 96 सेकंदांची हवी. पहिली फेरी 84 ची होते आणि सोपी वाटते. ती उधारी असते. स्नायूंना पुरेल एवढा प्राणवायू पोचत नाही, श्वासाची लय मोडते आणि पाचव्या फेरीत तेच पाय 105 सेकंद घेतात. शेवटच्या फेरीला घंटा वाजते, लोक ओरडतात, तिथे कुणीही पळतं. पाचव्या-सहाव्या फेरीला टाळी नसते. पुढची मुलगी लांब गेलेली, मागचीची चाहूल नाही. त्या दोन फेऱ्यांत आपला वेग आपणच धरून ठेवायचा असतो. दर आठवड्याला बोर्डावर रँकची यादी लागणाऱ्या गावात मला हे दुसरीकडे कुणी शिकवलं नाही. यादीत मी कितवी ते दुसऱ्यांच्या गुणांवर ठरायचं. मैदानावर सातवी येऊनही मागच्या वर्षीपेक्षा वीस सेकंद लवकर पोचले, तर ते वीस सेकंद फक्त माझे असायचे. टेस्टमध्ये गुण कोसळले त्या आठवड्यांतही मला एवढं कळत होतं की ही मधली फेरी आहे आणि आता वेग सोडायचा नाही.

हे शिक्षण प्रत्येक मुलाच्या वाट्याला यावं, यासाठी नवा कायदा नको. आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय अकरावी-बारावीला आजही सक्तीचा आहे आणि त्याची श्रेणी गुणपत्रिकेवर छापली जाते. कित्येक ठिकाणी ती मुलांनी मैदानावर पाऊल न ठेवताच भरली जाते. तो तास मैदानावर घ्या. प्रत्येक तालुक्याच्या गावी टेपने नीट मोजलेली 400 मीटरची एक तरी फेरी आखून ठेवा आणि तिथे पीटीचे सर किंवा मॅडम हजर असू द्या. आणि मुलींच्या हॉस्टेलचं फाटक सोबत बाई देऊन पहाटे पाचला उघडा. सहाला उघडलं तर मार्चनंतर लातूर-नांदेडच्या उन्हात पळायला जेमतेम अर्धा तास उरतो.