संशोधनाचें अनुदान कीं रमण्यांतील दक्षिणा ?

विद्यापीठांतून शास्त्रीय संशोधन होत नाहीं, अशी तक्रार करण्याची आपल्याकडे आतां एक रीतच पडून गेली आहे. पदवीदान-समारंभाचा पाहुणा ती करितो, वर्तमानपत्रांचे अग्रलेख ती करितात, आणि ज्यांच्या कंबरेला तिजोरीच्या किल्ल्या आहेत ते तर ती सर्वांत मोठ्या आवाजांत करितात. दोष अर्थातच अध्यापकाचा! तो आळशी, तो बढतीपुरते निबंध छापणारा, तो खासगी शिकवण्यांत गुंतलेला. असे अध्यापक आहेत हें आम्ही नाकारीत नाहीं. तीस वर्षें त्यांच्याच शेजारीं बसून चहा प्यालों आहों. परंतु जो खरोखरच कांहीं करूं पाहतो त्याचे हात कोण बांधतो, याचा विचार या टीकाकारांनीं एकदां तरी करावा, एवढ्यासाठीं हा लेख.

आंकड्यांचा पाल्हाळ करीत नाहीं. संशोधनावर देशाचा खर्च सकल उत्पादनाच्या दोन टक्के व्हावा, असें २०१३ च्या विज्ञान-धोरणांत लिहिलें आहे. २०२०-२१ सालीं तो ०.६४ टक्के होता. दक्षिण कोरिया चार टक्क्यांहून अधिक खर्च करितो. २०२३ सालीं संसदेनें 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान' स्थापण्याचा कायदा केला आणि पांच वर्षांत ५०,००० कोटी रुपये असा डांगोरा पिटला गेला. त्यांतील ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योगपति, दानशूर मंडळी इत्यादिकांकडून यावयाचे आहेत! जेवणाचें आमंत्रण द्यावें आणि पन्नास घांसांतले छत्तीस घांस शेजाऱ्यानें पुरवावे, अशांतला हा प्रकार आहे. उलट, २०२५ च्या जुलैंत केंद्रीय मंत्रिमंडळानें एक लाख कोटींची जी संशोधन-योजना मंजूर केली, ती मुख्यतः खासगी उद्योगांस अल्प व्याजानें किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीचें भांडवल पुरविण्याची आहे. म्हणजे ज्यांच्याकडून दान घ्यावयाचें त्यांनाच कर्ज द्यावयाचें. या अर्थशास्त्राचा उलगडा आम्हांस अद्याप झालेला नाहीं.

परंतु द्रव्य थोडें, एवढेंच आमचें गाऱ्हाणें असतें तर लेख येथेंच संपला असता. थोड्या द्रव्यांत मोठें काम होतें. १९२८ सालीं कलकत्त्यास रामन यांनीं शोध लावला तो अगदीं साध्या उपकरणांवर. हें उदाहरण आमच्या तोंडावर फेकणारे गृहस्थ मात्र एक गोष्ट सोयीस्करपणें विसरतात. रामन १९१७ सालीं सरकारी हिशेबखात्याची नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठाच्या पालित-अध्यासनावर आले. तें अध्यासन तारकनाथ पालित या बॅरिस्टरानें दिलेल्या मिळकतींतून उभें राहिलें होतें. प्रयोगशाळा होती ती महेंद्रलाल सरकार यांनीं १८७६ सालीं लोकांकडून वर्गणी गोळा करून काढलेल्या संस्थेची. अकरा वर्षें त्या माणसाला पायाखालीं स्थिर जमीन मिळाली. उपकरणें स्वस्त होतीं, पण निश्चिंतता स्वस्त नव्हती; ती कोणीतरी आधींच विकत घेऊन ठेवली होती. (हिशेबखात्यांतून सुटल्यावरच हें झालें, हेंही आजच्या हिशेबनिसांनीं ध्यानांत घ्यावें.)

पेशवाईंत श्रावणमासीं पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत दक्षिणा वाटली जाई. हजारों ब्राह्मण आंत घेत आणि एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवून त्याला बाहेर सोडीत. विद्वानांची संभावना निराळी होई हें खरें. पण रमण्यांतल्या गर्दींत पंडित कोण आणि पोटार्थी कोण हें पाहण्यास दारावरच्या कारकुनाला सवड नसे. इंग्रजी अमलांत या खर्चाला कात्री लागली, आणि त्याच रकमेंतून १८२१ सालीं पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. पुढें कॉलेजांतून दक्षिणा फेलो नेमले जाऊं लागले. रानडे आणि भांडारकर हे दक्षिणा फेलो होते. पैसा तोच, पण रमण्यांत तो भिक्षा होता, फेलोशिपींत तो विद्येचें वेतन झाला. आज विद्यापीठांतील संशोधनाचें अनुदान पुनः रमण्याच्या वाटेला लागलें आहे, हा आमचा आरोप आहे.

आरोप केला तर पुरावा हवा. गेल्या कांहीं वर्षांत केंद्राच्या अनेक योजनांत अशी पद्धत आली आहे कीं, प्रकल्पाचा पैसा विद्यापीठाच्या खात्यांत राहूं नये आणि ३१ मार्चला जी शिल्लक उरेल ती परत जावी. आमच्या माहितींतील एका विद्यापीठांत सह्याद्रीच्या सड्यांवरील वनस्पतींचा अभ्यास मंजूर झाला. पहिला हप्ता आला जानेवारी संपतां संपतां. सड्यांवरचीं फुलें श्रावण-भाद्रपदांत फुलतात. त्यांस आर्थिक वर्ष ठाऊक नाहीं. मग त्या बिचाऱ्या अध्यापकानें काय करावें? त्यानें दोन संगणक व एक लोखंडी कपाट घेतलें, यू.सी. वर सही केली आणि पावसाळ्यांत स्वतःच्या खर्चानें एस.टी.नें हिंडला. हिशेब चोख राहिला. संशोधनाचें म्हणाल तर तें कपाटांत आहे.

संशोधक विद्यार्थ्यांची दशा याहून वाईट. कनिष्ठ शिष्यवृत्ति २०२३ च्या जानेवारीपासून दरमहा ३७,००० रुपये झाली, हें उत्तम झालें. पण 'दरमहा' हा शब्द कागदावरचा आहे. आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीला सात महिने एक पैसा मिळाला नाहीं. आठव्या महिन्यांत तिनें औषधाच्या कारखान्यांत नोकरी धरली. तिला दोष देण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

खरेदीचे जाच निराळेच. जें रसायन विशिष्ट शुद्धतेचें हवें, तें सरकारच्या 'जेम' नांवाच्या ई-बाजारपेठेंत, जेथें खुर्च्या आणि खराटे मिळतात तेथें, कमींत कमी भावानें शोधावयाचें. २०२५ च्या जूनमध्यें संस्थाप्रमुखांना या बाजाराबाहेर खरेदी करण्याची मुभा मिळाली. याबद्दल सरकारचे आभार. पण आपल्याला कोणतें रसायन हवें हें शास्त्रज्ञाला कळतें, एवढें मान्य होण्यास इतकीं वर्षें लागावीं! आणि २०२४ सालचा तो प्रकार कोण विसरेल? संशोधनाच्या अनुदानावर १८ टक्के जी.एस.टी. मागण्यांत आला, दिल्लीच्या आय.आय.टी.स सुमारें १२० कोटींची नोटीस गेली. एका हातानें द्यावें आणि दुसऱ्या हातानें त्यावर कर मागावा! सप्टेंबरांत जी.एस.टी. परिषदेनें हें संकट निवारलें, परंतु तशी नोटीस लिहितांना कोणाचा हात अडखळला नाहीं, हें आम्हांस अधिक सूचक वाटतें.

यावर ठराविक उत्तर असें कीं, पैसा जनतेचा आहे, हिशेब नको काय? हिशेब हवाच. आम्ही फक्त विचारतों कीं, हिशेब कशाचा? तीन वर्षांच्या कामाची तीन वर्षांनीं, त्या विषयांतल्या जाणत्यांकडून कसून परीक्षा घ्या. काम नसेल तर पुढें कवडी देऊं नका. आज परीक्षा होते ती पावत्यांची.

आणि महाराष्ट्र सरकारनें केंद्राकडे बोट दाखवून स्वस्थ बसूं नये. प्रकल्पासाठीं अर्ज करावयास बहुधा कायम नोकरीचा अध्यापक लागतो. येथें तर जागा वर्षानुवर्षें रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर माणसें राबविलीं जातात. पीएच.डी. झालेला तरुण तासावर मजुरी करितो आणि अर्ज करण्याचाही अधिकारी ठरत नाहीं. नव्या प्रतिष्ठानाच्या एका योजनेंत अग्रमानांकित संस्थांना चाकाचा तुंबा आणि राज्य-विद्यापीठांना आरे कल्पिलें आहे. कल्पना वाईट नाहीं. पण आरा व्हावयासही लांकूड लागतें; येथें नुसतीं भोंकें आहेत.

विज्ञानाला विद्यापीठाबाहेर काढूं नका, असें मेघनाद साहा तळमळीनें सांगत होते. त्यांचें ऐकलें गेलें नाहीं. द्रव्य स्वतंत्र प्रयोगशाळांकडे वळलें आणि तेथें चांगलें कामही झालें. पण त्या प्रयोगशाळांना लागणारीं माणसें आजही आमच्याच वर्गांतून जातात. तेव्हां आमची मागणी थोडकी आहे : शिल्लक प्रकल्पाच्या अखेरपर्यंत विद्यापीठाकडे राहूं द्या, शिष्यवृत्तीची वर्षाची रक्कम आगाऊ पाठवा, आणि राज्यानें रिकाम्या जागा भराव्या. पहिल्या दोहोंस एक परिपत्रक पुरेल, तिसरीस एक जाहिरात.