इनामावर ऑपरेटिंग सिस्टिम चालत नाही

ओपन सोर्स प्रकल्पांना पैसा कसा पुरवायचा, ही चर्चा निघाली की एक उपाय हमखास पुढे येतो: बाउंटी, म्हणजे इनाम. अमुक वाय-फाय कार्ड चालवून दाखवा, पाचशे डॉलर घेऊन जा. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढायची, काम जाहीर करायचे आणि जो ते करून दाखवेल त्याच्या हातावर पैसे ठेवायचे. पगार नको, कार्यालय नको, समिती नको. काम झाल्याशिवाय पैसा सुटत नाही, म्हणून बुडण्याची भीतीही नाही. व्यवहार चोख वाटतो. पण ऑपरेटिंग सिस्टिम टिकवण्याच्या कामाला तो एका मर्यादेपर्यंतच पुरतो. ती मर्यादा कुठे आहे आणि तिच्या पुढे पैसा कसा द्यावा, हे मुद्द्यांनी मांडतो.

१. इनाम जिथे चालते, तिथे उत्तम चालते.

नोव्हेंबर २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट कॅमेरा बाजारात आला, तेव्हा तो फक्त एक्सबॉक्सला जोडता येत होता. न्यूयॉर्कच्या अ‍ॅडाफ्रूट कंपनीने त्याचा खुला ड्रायव्हर लिहिणाऱ्याला एक हजार डॉलरचे इनाम लावले. मायक्रोसॉफ्टने नाराजी दाखवताच रक्कम दोन हजार झाली, मग तीन हजार. १० नोव्हेंबरला किनेक्ट युरोपात विक्रीला आला आणि त्याच दिवशी स्पेनमधल्या हेक्टर मार्टिन या प्रोग्रामरने कॅमेऱ्यातून चित्र आणि वस्तू किती अंतरावर आहेत याची माहिती मिळवून इनाम जिंकले.

दुसरे उदाहरण थेट ऑपरेटिंग सिस्टिमचे. अमिगा संगणकाच्या प्रणालीची खुली प्रतिकृती म्हणून एरॉस हा प्रकल्प १९९५पासून चालू आहे. अमिगा सुरू व्हायला किकस्टार्ट ही रॉम लागते आणि तिचे हक्क इतरांकडे. तिला मुक्त पर्याय बनवण्यासाठी एरॉसच्या चाहत्यांनी इनाम लावले आणि काम टप्प्याटप्प्याने तडीस गेले. दोन्हीकडे साम्य एकच: काम कुठे संपते हे सुरुवातीलाच ठरलेले होते. चित्र दिसले की ड्रायव्हर चालला. या रॉमवर अमिगा सुरू झाली की रॉम चालली. निवाडा करायला पंच लागत नाही.

२. लक्ष्य हलते असेल तर इनाम मागे पडते.

त्याच अमिगाच्या दुनियेत २००३मध्ये मोझिला ब्राउझर अमिगावर आणणाऱ्यासाठी अमिझिला नावाने वर्गणी सुरू झाली. रक्कम वाढत राहिली, पण वर्षानुवर्षे ती कुणी जिंकली नाही. वर्गणीदार कंजूष नव्हते, प्रोग्रामर आळशी नव्हते. अडचण कामातच होती. ब्राउझर दर काही महिन्यांनी बदलतो आणि आज पोर्ट केलेला कोड वर्षभरात शिळा होतो. शिवाय त्याच्याखाली प्रणालीत नसलेल्या अनेक गोष्टी आधी उभाराव्या लागतात. इनाम जाहीर झाले त्या दिवशीचे काम आणि ते हाती घेणाऱ्याच्या वाट्याला येणारे काम एकच राहत नाही. जोखीम मात्र सगळी करणाऱ्याच्या माथी. वर्षभर राबून शेवटच्या टप्प्यावर अडला, तर हाती शून्य.

३. ‘काम झाले’ हे ठरवणाऱ्याला इनामात वाटा नसतो.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कोड लिहिणे हा अर्धाच भाग. तो तपासून, दुरुस्त करून घेऊन मूळ कोडमध्ये सामील करणे आणि पुढे त्याची जबाबदारी वाहणे हे मेंटेनरचे काम. इनाम लागले की एक अनोळखी माणूस पॅच घेऊन दारात उभा राहतो. त्याचे पैसे मेंटेनरच्या ‘हो’वर अडलेले असतात, वर्गणीदारही मागून घाई करतात, आणि मेंटेनरला या सगळ्यातून दमडी मिळत नाही. ‘नाही’ म्हटले तर तो वाईट, ‘हो’ म्हटले तर पुढची दहा वर्षे ते ओझे त्याचे.

अशा घाईची किंमत काय असू शकते, हे मार्च २०२४मध्ये दिसले. एक्सझेड या लहानशा पण बहुतेक लिनक्स प्रणालींत असलेल्या कॉम्प्रेशन लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्याने ‘जिया टॅन’ या नावाने सुमारे दोन वर्षे मदतनीस म्हणून वावरून एकट्या, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला होता. कामे लवकर होत नाहीत म्हणून त्या मेंटेनरवर दबावही आणला जात होता. इथे इनामाचा संबंध नव्हता. पण तपासणाऱ्यावर पैशाचा तगादा लावणारी कोणतीही योजना ही भेग रुंदावते.

तपासणीचा भार आता आणखी वाढला आहे. कर्ल हे साधन जवळजवळ प्रत्येक प्रणालीत असते. सुरक्षेतील दोष दाखवणाऱ्यांसाठी त्याची इनाम-योजना २०१९पासून चालू होती. एआयकडून लिहून घेतलेल्या पोकळ अहवालांचा पूर आला आणि २०२६च्या जानेवारीअखेर ती बंद करावी लागली. दोष शोधण्याचे इनाम आणि नवे काम करून घेण्याचे इनाम या वेगळ्या गोष्टी आहेत, पण वाचणाऱ्याचा वेळ दोन्हीकडे फुकटच धरलेला असतो.

४. शर्यत लागली की वाटून घेणे थांबते.

ओपन सोर्सचे बळ अर्धवट काम उघड्यावर ठेवण्यात आहे. एकाने अडखळत सुरुवात करायची, दुसऱ्याने चूक दाखवायची, तिसऱ्याने पुढे न्यायचे. इनाम एकालाच मिळणार असेल, तर अर्धवट कोड दाखवणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला वाट दाखवणे. मग चौघे चार खोल्यांत तेच काम करतात, एकाला पैसे मिळतात आणि तिघांचे श्रम वाया जातात.

हे आपल्या मुलांशी थेट निगडित आहे. पाचशे डॉलर सॅन फ्रान्सिस्कोत आठवडाभरही पुरत नाहीत. नाशिक किंवा सांगलीच्या इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्याला ती मोठी रक्कम वाटते. त्यामुळे अशा शर्यतीत तो उतरणार आणि बहुतेकदा हरणाऱ्या तिघांत असणार. याउलट गूगल समर ऑफ कोड ही योजना २००५पासून ठराविक मुदतीचे काम, मार्गदर्शक आणि टप्प्याटप्प्याने मानधन देते. भारतीय विद्यार्थी तिथे मोठ्या संख्येने निवडले जातात. निवड आधी होते, राबणे नंतर. हा क्रम महत्त्वाचा.

५. देवळाच्या कळसाला देणगीदार मिळतो, रोजच्या दिवाबत्तीला मिळत नाही.

इनाम नेहमी दिसणाऱ्या वस्तूवर लागते: नवा ड्रायव्हर, नवा ब्राउझर. जुना कोड साफ करणे, चाचण्या लिहिणे, आठवड्यातून एकदाच होणारा क्रॅश महिनाभर शोधत बसणे, सर्व्हर चालू ठेवणे यांवर इनाम लावायला कुणी येत नाही. जगभरचे सर्व्हर दुरून ज्या ओपनएसएसएच या साधनाने चालवले जातात ते ओपनबीएसडी प्रकल्पातून येते. २०१४च्या सुरुवातीला त्याच प्रकल्पाला सुमारे वीस हजार डॉलरचे वीजबिल भरण्यासाठी जाहीर आवाहन करावे लागले. कोट्यवधींचे उद्योग त्यावर विसंबून होते, पण विजेचे बिल हे काही कुणाचे आवडते फीचर नव्हे.

६. वर्गणी कुणाच्या खिशात पडते, हेही पाहावे लागते.

बाउंटीसोर्स हे इनामांचे संकेतस्थळ या क्षेत्रातले मोठे नाव होते. एलिमेंटरी ओएससारखे प्रकल्प त्यावर इनामे लावत. कंपनी एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि जून २०२०मध्ये नव्या मालकांनी अट घातली की दोन वर्षांत कुणी न जिंकलेली रक्कम कंपनीची. ओरड झाली, अट मागे घेतली गेली; पण एलिमेंटरीसह अनेकांनी तिथून काढता पाय घेतला. २०२३मध्ये तर जिंकलेले पैसेही हाती पडत नसल्याच्या तक्रारी विकासकांनी केल्या. न जिंकलेली इनामे वर्षानुवर्षे पडून राहतात, म्हणजे या योजनेत मधल्या माणसाकडे नेहमीच परक्याचा पैसा साठतो. तो माणूस नफ्यासाठी बसलेला असेल, तर ‘काम झाल्याशिवाय पैसा सुटत नाही’ या सोयीचा फायदा वर्गणीदाराला न होता त्याला होतो.

७. हायकू प्रकल्पाचा अनुभव वेगळी वाट दाखवतो.

बीओएस ही नव्वदच्या दशकातली देखणी प्रणाली. १९९६मध्ये अ‍ॅपल ती घेणार अशी चिन्हे होती, पण त्यांनी नेक्स्ट घेतली. २००१मध्ये ती बनवणाऱ्या बी कंपनीची मालमत्ता पामने अकरा दशलक्ष डॉलरला घेतली आणि प्रणाली संपली. चाहत्यांनी त्याच वर्षी ती पहिल्यापासून नव्याने लिहायला घेतली. तीच आजची हायकू. तिच्या भोवतीही इनामे लागली. पण २००३मध्ये स्थापन झालेल्या हायकू इंक. या ना-नफा संस्थेने देणग्यांतून मुदतीचे करार देण्याची वाट धरली. २०१३-१४मध्ये ब्राउझरमागच्या वेबकिट इंजिनाचे काम असेच झाले. २०२१पासून एका अनुभवी विकासकाला सलग करारावर घेतले गेले.

नोव्हेंबर २०१२ची चौथी अल्फा आणि सप्टेंबर २०१८ची पहिली बीटा यांत जवळपास सहा वर्षे गेली होती. २०२० ते २०२४ या काळात चार बीटा आल्या. सगळे श्रेय कराराचे नाही, स्वयंसेवक आधीही होते आणि आताही आहेत. पण सलग मानधन घेणारा माणूस आज कोणता दोष सर्वांत जास्त छळतो ते पाहून काम उचलू शकतो, आणि दुसऱ्यांचे पॅच तपासायलाही त्याच्याकडे वेळ असतो. इनाम मिळवणाऱ्याला हे परवडत नाही.

८. महिन्याचे मानधन हाही रामबाण नाही.

किनेक्टचे इनाम जिंकणाऱ्या हेक्टर मार्टिनने पुढे अ‍ॅपलच्या नव्या चिपवर लिनक्स आणणारा ‘असाही लिनक्स’ हा प्रकल्प उभा केला, तोही चाहत्यांच्या मासिक वर्गणीवर. एका दिवसाच्या कामाला त्याने इनाम घेतले. वर्षांच्या कामाला महिन्याचा आधार लागला. तरी फेब्रुवारी २०२५मध्ये तो थकून बाजूला झाला. वापरणाऱ्यांच्या न संपणाऱ्या मागण्या आणि लिनक्स कर्नलच्या मंडळींशी झालेले वाद ही कारणे त्याने सांगितली. मानधन एका माणसाच्या नावावर असेल, तर तो माणूस खचला की सगळेच डळमळते. म्हणून पैसा संस्थेकडे जावा आणि एकाच कामाचे जाणकार किमान दोघे असावेत.

९. मग इनामे बंद करावीत का? नाही, पण पाच अटींवर ठेवावीत.

(अ) मेंटेनरची लेखी संमती आधी. ‘काम झाले’ म्हणजे काय, हे चाचणीच्या रूपात जाहीर.
(आ) रकमेचा चौथा हिस्सा तपासणाऱ्याचा, पॅच स्वीकारला जावो वा न जावो.
(इ) काम एका वेळी एकाच्याच नावे, ठराविक मुदतीसाठी. मोठे असेल तर टप्प्यांनी पैसे.
(ई) वर्गणी ना-नफा संस्थेच्या खात्यात. मुदत संपली तर देणाऱ्याला परत, किंवा त्याच्या संमतीने देखभाल-निधीत.
(उ) इनामात पडणाऱ्या प्रत्येक रुपयामागे दुसरा रुपया देखभालीला.

यावर आक्षेप येईल की इनामामुळे सामान्य वापरकर्त्याला आवाज मिळतो आणि संस्था झाली की तो दबतो. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणजे संस्थेने दरवर्षी वर्गणीदारांना कामांचा पसंतीक्रम विचारावा आणि हिशेब मांडावा. मत द्यायला प्रत्येक वेळी बोली लावावी लागू नये.

१०. सार्वजनिक पैसा यात आलाच पाहिजे.

जर्मनीने २०२२मध्ये सॉव्हरिन टेक फंड सुरू केला. त्यातून २०२३मध्ये ग्नोम डेस्कटॉपला दहा लाख युरो आणि २०२४मध्ये फ्रीबीएसडीला ६,८६,४०० युरो मिळाले, तेही बऱ्याच अंशी कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या कामांसाठी. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४मध्ये झेरोधाने वर्षाला दहा लाख डॉलरचा फ्लॉस/फंड जाहीर केला. तो खासगी आहे. केंद्र सरकारचे २०१५चे धोरण सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्या असे सांगते. वापराची बाजू त्यात आली, पोसण्याची बाजू अजून यायची आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस लिनक्स डेबियनवर उभी आहे आणि डेबियन मुख्यतः स्वयंसेवकांवर.

मराठीपुरते बोलायचे तर ‘वाऱ्यावर’ या शब्दातल्या ‘ऱ्या’मधला र हिंदीला लागत नाही. तो नीट उमटायला फॉन्ट, अक्षरे जुळवणारे इंजिन आणि कीबोर्ड या तिन्ही गोष्टी जागेवर असाव्या लागतात. लोहित फॉन्टचे बरेच काम रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी केले, त्यामुळे लिनक्सवर मराठी वाचणे सोपे झाले. एकदा इनाम लावून हा र दुरुस्त करता येईल. पण प्रत्येक नव्या आवृत्तीत तो टिकला की नाही, हे पाहायला कुणीतरी कायम हवा. राज्य शासनाने मराठी भाषेसाठी ठेवलेल्या पैशातून अशा दोन-तीन माणसांचे मानधन द्यावे आणि त्यांचे काम थेट मूळ प्रकल्पांत जावे, ही माझी मागणी आहे.

आणि तोपर्यंत वर्गणीचे आवाहन समोर आले, तर पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे काम पूर्ण झाल्यावर सांभाळणार कोण, आणि कुणाच्या खर्चाने? उत्तरात नाव आणि रक्कम नसेल, तर तुमची वर्गणी इनामात टाकण्याऐवजी त्या प्रकल्पाच्या देखभाल-निधीला द्या.