एकच फूल, अनेक प्रश्न

प्रश्न विचारणे हे विद्यार्थ्याचे पहिले लक्षण होय. परंतु हा प्रश्न आधी कोणी विचारला आहे काय, एवढे पाहून घेणे हे दुसरे लक्षण. आणि ते आपल्यात क्वचितच आढळते. वनस्पतिशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला याचा अनुभव दर उन्हाळ्यात येतो. एप्रिल उजाडला की मोबाईलवर छायाचित्रे येऊ लागतात : "सर, हे पिवळे फूल कशाचे?" ते बहुधा बहाव्याचे असते, नाही तर सोनमोहराचे. उत्तर धाडून होते न होते तोच दुसऱ्या वर्गातून तेच फूल आणि तोच प्रश्न!

कोणी म्हणेल, अध्यापकाचे कामच ते. खरे आहे, उत्तर देण्याचा मला कंटाळा नाही. पण या गर्दीत काय हरवते याचाही विचार व्हावा. जांबोटी-चोर्ल्याच्या रानातून एखादा विद्यार्थी फुललेल्या कारवीचे छायाचित्र पाठवतो. कारवी साधारणतः सात वर्षांतून एकदा फुलते. ती कोठे, कोणत्या तारखेला फुललेली दिसली, हे वेळीच टिपले नाही तर पुढची संधी सात वर्षांनी. बहाव्याच्या ढिगाखाली असे एक चित्र दडपले जावे, हे खरे नुकसान.

आपल्या भागात या पुनरुक्तीला आणखी एक कारण आहे. मराठी विद्यार्थी ज्याला बहावा म्हणतो, त्याला कन्नड विद्यार्थी कक्के म्हणतो. पळस तोच मुत्तुग, करंज तोच होंगे. नोंद एकाच भाषेत असेल तर दुसऱ्या भाषेतल्याला ती शोधूनही सापडत नाही. यातून पंडितही सुटलेले नाहीत. एकाच वनस्पतीला निरनिराळ्या शास्त्रज्ञांनी निरनिराळी नावे दिली. म्हणून लिनीअसचा १७५३ सालचा ग्रंथ आरंभ मानून, सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य धरावे आणि नंतरची त्याखाली पर्याय म्हणून नोंदवावीत, असा नियम करावा लागला. नंतरची नावे पुसून टाकली नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हर्बेरियममध्येही हीच रीत असते. एका जातीचे नमुने एकत्र ठेवतात. प्रत्येक पत्रावर स्थळ, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अशाच नमुन्यांच्या आधारे. त्यात बेळगावच्या नोंदीही आहेत. तात्पर्य, तोच प्रश्न पुन्हा नको. पण तीच वनस्पती नव्या ठिकाणी दिसली तर ती नोंद अवश्य हवी.

तेव्हा माझी सूचना अशी. आपल्या महाविद्यालयात ओळख पटलेल्या वनस्पतींचा एक चित्रसंग्रह असावा. प्रत्येक पानावर मराठी, कन्नड आणि शास्त्रीय नाव असावे. फुलाचा रंग व बहराचा महिना यांवरून पान शोधता यावे. विचारणाऱ्याने आधी तेथे पाहावे. सापडले तर आपले चित्र स्थळ-तारखेसह त्याच पानाला जोडावे; न सापडले किंवा शंका उरली तरच विचारावे. चित्रही पुरते असावे. बहाव्याचे घोस खाली लोंबतात व शेंगा दंडगोल असतात. सोनमोहराचे तुरे उभे, शेंगा चपट्या व तांबूस. नुसत्या पाकळ्यांच्या चित्रावरून हे कसे कळावे? अपुऱ्या चित्रामुळेही एकाच प्रश्नाचे दोन प्रश्न होतात.

आता फोनच नाव सांगतो, असे काही जण म्हणतील. सांगतो खरा, पण तो अंदाज असतो. तो पडताळायला हाच संग्रह उपयोगी पडेल.

एक पथ्य मात्र आपण अध्यापकांनी पाळावे. नवख्याने चुकून जुनाच प्रश्न विचारला तर त्याला झिडकारू नये. त्याचे बोट धरून त्याला त्या पानापाशी न्यावे. पुढच्या वेळी तो दुसऱ्याला तेथे घेऊन येईल.