पूर्णवेळ बाई कुठून आणायची?

मैत्रिणींनो, ‘मोफत शिक्षण’ असं कुठे छापून आलं की आपण आधी टाळ्या वाजवतो आणि मग अट वाचतो. हा क्रम उलटा करायला हवा. मी तो केला आहे, आणि त्याला कारण झालं कॅलिफोर्नियातलं सरकारी कम्युनिटी कॉलेज.

आधी हे प्रकरण काय ते सांगते. या राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि विद्यार्थी वीस लाखांच्या आसपास. इथे टक्के विचारत नाहीत, प्रवेश परीक्षा घेत नाहीत. वय काय, लग्न झालंय का, मध्ये किती वर्षं गेली, याची चौकशी नाही. अठरा पूर्ण झाली की दार उघडं. नर्सिंग शिका, वेल्डिंग शिका, हिशेब लिहायला शिका, नाहीतर नुसतं इंग्रजी शिका. दोन वर्षांचं शिक्षण पुरं झालं की विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाण्याचीही सोय आहे. शिकणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बाया, आणि निम्म्याच्या जवळपास लॅटिनो.

इथल्या मराठी घरांत या कॉलेजाबद्दल एक ठरलेलं वाक्य आहे: ‘तिथे काय, कुणीही जातं!’ ओळखीचं वाटतं ना? झेडपीच्या शाळेबद्दल, रात्रशाळेबद्दल आपण हेच ऐकत आलो. ‘कुणीही’ म्हणजे कोण, ते न सांगता कळतं. मी या ‘कुणीही’ बायांमध्ये बसून शिकले. नवऱ्याच्या व्हिसाला बांधून आलेल्या बाईला तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती (२०१५ नंतर आमच्यातल्या काहीजणींना ती मिळाली), शिकण्याची मात्र होती. माझ्या एका बाजूला हॉटेलात खोल्या साफ करून आलेली साल्वादोरची बाई, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी फिलिपिनो. कॉलेजच्या माहितीपत्रकावर आमच्यासारख्यांचेच फोटो असतात. विविधता म्हणून!

आता पैशाचं. १९८४ पर्यंत इथे फीच नव्हती. १९७८ मध्ये मतदारांनी मालमत्ता करावर मर्यादा घातली, घरमालकांचा फायदा झाला आणि कॉलेजांना स्थानिक करातून येणारा पैसा आटला. मग १९८४ मध्ये सत्राला ५० डॉलर फी बसली. १९९३ ते १९९५ या काळात तर आधीच पदवी असलेल्यांकडून दर युनिटला ५० डॉलर घेतले. म्हणजे पदवी गाठीला असूनही संसारापायी पोटाचं काही न शिकलेली बाई दुसऱ्यांदा शिकायला आली, तर तिला दंड! ती वाढ पुढे मागे घ्यावी लागली. २०१२ पासून फी युनिटला ४६ डॉलर आहे. गरिबांना फीमाफी १९८४ पासूनच मिळते आणि ती दोन-चार युनिट घेणारीलाही मिळते, हे मान्य केलंच पाहिजे. पण २०१६ पासून लागोपाठ दोन सत्रं मार्क घसरले तर ही माफी जाऊ शकते. मूल आजारी पडलं की मार्क कुणाचे घसरतात, ते मी सांगायला नको.

आणि मग आली नवी घोषणा. २०१७ च्या कायद्याने पहिल्या वर्षाची आणि २०१९ च्या कायद्याने दुसऱ्या वर्षाची फी माफ करण्याची सोय झाली, उत्पन्न कितीही असो. अट एवढीच, की विद्यार्थी कॉलेजात पहिल्यांदाच येणारा हवा आणि ‘पूर्णवेळ’ हवा. पूर्णवेळ म्हणजे सत्राला किमान १२ युनिट.

१२ युनिट म्हणजे काय, याचा हिशेब बाईच्या घड्याळावर मांडू. एका युनिटला आठवड्याचा साधारण एक तास वर्गात आणि दोन तास घरचा अभ्यास धरतात. म्हणजे आठवड्याला ३६ तास. त्यावर पोटासाठी केलेलं काम. त्यावर स्वयंपाक, धुणं, पोरांना शाळेत सोडणं-आणणं, सासूसासऱ्यांचं औषधपाणी. ३६ तास मोकळे असलेला माणूस आपल्या ओळखीत कोण आहे? ज्याचं जेवण दुसरं कुणीतरी रांधतं, तो. अटीत ‘पुरुष’ हा शब्द कुठेही लिहिलेला नाही. लिहायची गरजही नाही!

बरं, ही अट मूठभरांना बाहेर ठेवते असंही नाही. या कॉलेजांतले सुमारे दोन-तृतीयांश विद्यार्थी १२ पेक्षा कमी युनिट घेतात. म्हणजे मोफतची पाटी लावली ती अल्पसंख्येसाठी. राज्याचं आणखी एक अनुदान आहे, फी सोडून बाकीच्या खर्चासाठी. १२ युनिट घेतले तर इतके पैसे, १५ घेतले तर त्याहून जास्त. ११ घेतले तर शून्य. जिला सगळ्यांत जास्त गरज, तिच्या हातात सगळ्यांत कमी.

सरकार म्हणतं, पूर्णवेळ शिकणारे लवकर आणि जास्त संख्येने पास होतात. होतातच. ज्याला वेळ आहे तो पुढे जाणारच, यात शोध कसला? राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये सांगितलं की विद्यापीठात जायचं ठरवून आलेल्यांपैकी पाचातला साधारण एकच चार वर्षांत तिथे पोचतो, आणि काळ्या व लॅटिनो विद्यार्थ्यांचं प्रमाण त्याहूनही कमी. यावर उपाय पाळणाघर आणि संध्याकाळचे वर्ग हा आहे, की पाय ओढत चालणारीला ‘पळ, तर बक्षीस देऊ’ म्हणणं हा?

कॉलेजं तरी काय करणार, त्यांनाही पैसे तासांवर मिळतात. ५२५ तासांची हजेरी म्हणजे कागदावर एक विद्यार्थी. अर्ध्या वेळाच्या दोन बाया मिळून एक माणूस होतो! मी ज्या कॉलेजात जात होते (नाव मुद्दाम घेत नाही), तिथे बालशिक्षणाचा संध्याकाळचा एक वर्ग सुरू व्हायच्या आठवड्यात रद्द झाला. नावं तेरा आली होती, ठरलेला आकडा वीसचा. तेराजणींनी कामाच्या पाळ्या बदलून घेतल्या होत्या. ‘सकाळी अकराच्या वर्गात जागा आहे,’ असं आम्हाला सांगण्यात आलं. सकाळी अकराला आम्ही कुठे असतो, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

यात नवीन काही नाही. १९९६ मध्ये केंद्र सरकारने एकट्या आयांच्या मदतीचा कायदा बदलला. आधी काम, मग मदत! कामाच्या सक्तीत व्यवसाय शिक्षण धरलं जाणार ते फक्त १२ महिने. दोन वर्षांच्या नर्सिंगमधली बाई वर्षभरात अर्ध्यावर सोडून झाडूकामाला लागली तर तो ‘स्वावलंबन’. आणि याच राज्याच्या याच कॉलेजांत १९८२ पासून एकट्या आयांना पाळणाघर, प्रवास, पुस्तकं यांसाठी मदत देणारी योजना चालू आहे. म्हणजे काय लागतं, हे माहीत नाही असं कुणी म्हणू नये.

वेगळं करताही येतं. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ मध्ये लोकांनी मतदान करून ५० लाख डॉलरच्या वरच्या मालमत्तांच्या विक्रीवरचा कर वाढवला. त्या बळावर २०१७ पासून शहरातल्या रहिवाशांना तिथल्या सिटी कॉलेजात फी माफ झाली. ना युनिटची अट, ना उत्पन्नाची, ना पहिल्यांदा येण्याची. ज्यांची फी आधीच माफ होती त्यांना पुस्तकांसाठी थोडे पैसे. बंद पडण्याच्या धमकीखाली ओस पडत चाललेल्या त्या कॉलेजात विद्यार्थी परत आले. तरी तेही कॉलेज स्वर्ग नव्हे. २०२२ मध्ये तिथल्या पूर्णवेळ शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. फी माफ आणि वर्गच नाही, हाही एक प्रकार असतो.

हे सगळं तुम्हाला का कळवते? जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली. प्रवर्ग ठरलेले, उत्पन्न आठ लाखांपर्यंत. चांगलं केलं, टाळ्या वाजवूच. पण खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. बारावीनंतर लग्न झालं, दोन मुलं झाली, नवऱ्याने टाकलं, आणि आता बत्तिसाव्या वर्षी शिवणकाम सांभाळून शिकू पाहणारी बाई या रांगेत कुठे उभी राहते? एसटीचा मुलींसाठीचा मोफत पास बारावीला संपतो, त्यापुढे ती कशाने जाते? तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात जाऊन विचारा: पंचवीसच्या वरच्या किती बायांना यंदा प्रवेश मिळाला, त्यांतल्या किती संध्याकाळी शिकतात, पाळणाघर आहे का, आणि पहिल्या वर्षी आलेल्यांतल्या किती दुसऱ्या वर्षाला दिसल्या. आकडे देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये लागतात.