पहिल्या सेल्फच्या आधी

मागच्या लेखात बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचा ब्लॉक उद्यमबागेतून बोअरिंग होऊन घरी आला, इथपर्यंत सांगितलं होतं. त्यानंतर पिस्टन, रिंगा, हेड सगळं बसलं. गेल्या रविवारी फक्त सेल्फ मारायचा राहिला होता. बाबा सकाळी सातलाच आंघोळ करून, नारळ घेऊन अंगणात हजर. मेस्त्रींनी नारळ बाजूला ठेवायला लावला. "काका, आधी कॉम्प्रेशन बघूया."

कॉम्प्रेशन गेज म्हणजे टायरची हवा बघायच्या गेजचा थोरला भाऊ. प्लगच्या भोकात बसवायचा, सेल्फ मारायचा. पिस्टन हवा किती दाबतो ते काटा सांगतो, तेही पाऊंडातच. तयारी मात्र नीट हवी. चारही प्लग काढले, म्हणजे सेल्फवर भार येत नाही. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढली, पेट्रोलची नळीही सोडवली. बॅटरी आदल्या रात्री पूर्ण चार्ज केली होती. बाबांना आत बसवून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगितलं, कारण कार्बोरेटरचा पडदा बंद राहिला तर आत हवाच जात नाही आणि आकडा खोटा येतो.

प्रत्येक सिलिंडरला सहा-सहा हबके. पहिला 115, दुसरा 110, तिसरा 50, चौथा 112.

माझ्या पोटात गोळा आला. खरं तर 115 सुद्धा मला कमीच वाटत होता. पण मेस्त्री त्या तीन आकड्यांवर खूश होते. नव्या रिंगा बोअरला अजून घासून बसलेल्या नसतात, इंजिन थंड असतं, त्यामुळे थोडी हवा बाजूने निसटतेच. पहिले काही शे किलोमीटर गाडी चालली की आकडा आपोआप चढतो. न सुरू झालेल्या इंजिनात आकडा किती मोठा हे बघायचं नसतं, चारही एकमेकांच्या जवळ आहेत का हे बघायचं. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या तीन चतुर्थांशाखाली जाऊ नये, असा साधारण आडाखा आहे. पन्नास त्यात कुठेच बसत नव्हता.

रिंग तुटली असेल तर हेड पुन्हा उघडायचं, नवं गॅस्केट आणायचं. त्याहून वाईट म्हणजे "तुला जमेल ना रे?" हे बाबांनी सुरुवातीला विचारलेलं परत ऐकायचं. मी स्पॅनर शोधायला लागलो.

"थांब रे इंजिनियर," म्हणत मेस्त्रींनी तिसऱ्या प्लगच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं. चमचाभरच, जास्त ओतलं तर पिस्टनवर साचतं, आणि तेल काही हवेसारखं दाबलं जात नाही. पुन्हा सेल्फ. 54. रिंगांमधून गळती असती तर तेलाने ती फट भरून आकडा चांगलाच उडाला असता. तो जेमतेम हलला, म्हणजे हवा वरून, व्हॉल्व्हमधून जात होती. शेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकत्र पडले असते, तर संशय हेड गॅस्केटवर गेला असता.

टॅपेट कव्हर काढलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये फीलर गेजची सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा शिरेना. फट शून्य, व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हता. टॅपेट मीच लावले होते. लॉकनट आवळताना त्याबरोबर स्क्रूही फिरला होता, आणि आवळल्यावर फट पुन्हा मोजायला मी त्या एका ठिकाणी विसरलो होतो. ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमध्ये टेस्ट नाही म्हणून शेरे मारणारा मी!

फट लावली, नट आवळला, परत मोजली. सेल्फ. 114. त्यातले काही पाऊंड मघाच्या तेलाचे, असं मेस्त्री म्हणाले. एवढे हबके मारल्यामुळे ऑइलही वरपर्यंत चढलं होतं आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला होता.

बाबांनी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला. डिकीत त्यांची जुनी वही असते, पेट्रोल आणि किलोमीटर लिहायची. त्यात नव्या पानावर तारीख टाकून त्यांनी चारही आकडे लिहिले, तिसऱ्याचा आधीचा 50 सुद्धा. मग नारळ उचलला.