आकाशातील किल्ली आणि जमिनीवरचे कुलूप

मार्च २०२१ मध्ये इस्रोने अहमदाबाद येथे ३०० मीटर मोकळ्या हवेतून क्वांटम पद्धतीने गुप्त किल्ली पाठविली. जून २०२५ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतील असाच प्रयोग १ किलोमीटरपलीकडे यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर केलेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या योजनेत २,००० किलोमीटरपर्यंत उपग्रहाद्वारे अशा दळणवळणाचे उद्दिष्ट आहे. नवापूरच्या सामान्य नागरिकाचा याच्याशी संबंध काय, हा प्रश्न अप्रस्तुत नाही.

सांकेतिक निरोप उलगडण्यास किल्ली लागते. ती एकेका प्रकाशकणावर कोरून पाठविली, तर चोरून पाहणाऱ्याच्या हस्तक्षेपाने कणाची अवस्था बिघडते आणि चोरी उघडकीस येते. अज्ञात अवस्थेतील कणाची हुबेहूब नक्कल निसर्गनियमानेच अशक्य आहे. परंतु याच कारणास्तव क्षीण झालेला संदेश वाटेत बळकटही करता येत नाही. काचतंतूत लांबवर कण नष्ट होतात, म्हणून आकाशमार्ग. दाट हवेचा थर ओलांडला की पुढे पोकळीच. चीनच्या उपग्रहाने २०१७ मध्ये १,२०० किलोमीटर अंतरावरील दोन केंद्रांना गुंफलेले प्रकाशकण पोहोचविले, ते याच मार्गाने.

मात्र सूर्यप्रकाशात हे क्षीण कण हरवतात आणि दाट ढग तर वाटच बंद करतात. नंदुरबारच्या पावसाळ्यात ही किल्ली दिवसेंदिवस खोळंबेल. तेव्हा केवळ निरभ्र रात्रींच्या यशावर विसंबणे योग्य नव्हे.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. बोटांचे ठसे प्रथम येथील आदिवासींनी दिले. मग त्यांच्या संरक्षणात हा जिल्हा शेवटी का असावा? क्वांटम किल्ली फक्त वाटेवरची चोरी पकडते. कचेरीतून फुटणारी माहिती, दुसऱ्याच्या हाती सोपविलेला परवलीचा शब्द किंवा रेशनसाठी भोळेपणाने उमटविलेला अंगठा यांवर तिचा इलाज चालत नाही.

आकाशातील प्रयोगांना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु त्याच निधीतून जिल्ह्याच्या महाविद्यालयांत हे विज्ञान मराठीतून शिकविले जावे आणि तालुक्याच्या कचेऱ्यांतील माहितीच्या जतनाची नियमित तपासणी व्हावी. किल्ली कितीही अभेद्य असली, तरी दार उघडे असेल तर तिचा उपयोग शून्यच.